भाताच्या मुळाशी कोण?

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या मराठी घरात पहिला भात वाढला की वरण-तुपाची वाट बघायची असते. तो कुणाच्या तावडीतून सुटून ताटात आला, हे कोण विचारतो! रायपूरभोवतीच्या भातखाचरातली मूठभर माती पाण्यात कालवून सूक्ष्मदर्शकाखाली धरा, वळवळणारे पारदर्शक धागे दिसतील. हे सूत्रकृमी. बरेचसे बिचारे जिवाणू नाहीतर बुरशी खाऊन जगतात. पिकावर जगणाऱ्यांच्या तोंडात इंजेक्शनसारखी पोकळ सुई असते. अर्थात बुरशी खाणाऱ्यांकडेही सुई असतेच, त्यामुळे नवखा इथेच फसतो.

भातात दोन चोर महत्त्वाचे. मेलॉयडोगायनी ग्रॅमिनिकोला मुळांच्या टोकांना आकड्यासारख्या वाकड्या गाठी आणतो. हिर्शमॅनिएला ओरायझी गाठ करत नाही, मुळं पोखरत हिंडतो. पाण्याच्या बाबतीत दोघांची तोंडं दोन दिशांना: शेतात पाणी साचलं की पहिल्याच्या पिल्लांना बाहेरून मुळात शिरणं जमत नाही, दुसऱ्याला तर पाणथळच मानवते. तेव्हा ‘सूत्रकृमी आढळले’ एवढंच सांगणारा अहवाल माझ्या मते कुचकामी. शेतकऱ्याने पाणी राखायचं की सोडायचं?

ओळख पटवायची तर आधी कृमी बाहेर काढावे लागतात. 1917 साली बेअरमन यांनी जावात अंकुशकृमींच्या पिल्लांसाठी वापरलेलं नरसाळं आजही चालतं: कापडातली माती पाण्यात टेकवायची, जिवंत कृमी आपसूक खाली उतरतात. पण उतरतात ते हालचाल करणारेच. ग्रॅमिनिकोलाची फुगीर मादी गाठीत बसून तिथेच अंडी घालते. ती नरसाळ्यात येणार कशी? म्हणून मुळंही तपासायची.

मूळगाठीच्या सूत्रकृमींची पिल्लं अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, जाती एकमेकींसारख्या. मादीच्या मागच्या टोकावरच्या रेषा बोटांच्या ठशासारख्या वाचतात, पण त्याला मुरलेली नजर लागते. डीएनए तपासणीने काम सोपं झालं. तरी मिश्र नमुन्यातल्या सगळ्यांचा डीएनए एकत्र वाचला, तर कोण आहे ते कळतं, किती आहेत ते नीट कळत नाही. मोठ्या कृमीचा डीएनए जास्त भरतो आणि मेलेल्याचाही हजेरीत येतो.

रोप पिवळं पडलं तर हिसका देऊन उपटू नका, गाठी मातीतच राहतात. खुरप्याने मातीसकट काढा, चार-पाच ठिकाणचं घ्या, पिशवी उन्हात ठेवू नका आणि इंदिरा गांधी कृषी विद्यापीठातल्या तज्ज्ञांना दाखवा. पार वाळलेलं रोप मात्र नेऊ नका. त्यातले चोर केव्हाच शेजारच्या हिरव्या रोपाकडे गेलेले असतात.