आठ आठवड्यांआधी पिल्लू मिळणार नाही!
"दादा, महिन्याचंच द्या ना, लळा लवकर लागतो." कारवान जातीच्या कुत्रीला पिल्लं झाली की असे फोन सुरू होतात. माझं उत्तर ठरलेलं: नाही. २०१७ च्या श्वानप्रजनन नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. कारणही पक्कं आहे. खेळताना भावंडाला जोरात चावलं की ते केकाटतं, खेळ थांबतो. दात किती लावायचा, हे पिल्लू तिथेच शिकतं.

ब्रीडर मित्रांनो, तीन गोष्टी गिऱ्हाईकाला आधीच लिहून पाठवा:
✅ फोन सकाळी १० ते संध्याकाळी ७
✅ आगाऊ रक्कम आल्यावरच बुकिंग
✅ लसीकरणाआधी पिल्लांना हात लावायचा नाही. पार्वो विषाणू बुटांवरूनही घरात येतो

कोणी रागावलं तर रागावू द्या. गिऱ्हाईक दुसरं मिळेल, पिल्लाचे आईजवळचे दिवस परत मिळत नाहीत.