गुरुजींची औषधांची पिशवी

सोमवारची ओपीडी आमच्याकडं जत्रेसारखी असते. मागच्या वर्षी मे महिन्यात, अशाच एका सोमवारी, नेसरीजवळच्या एका गावचे निवृत्त प्राथमिक शिक्षक पत्नीला घेऊन आले आणि माझ्या टेबलावर त्यांनी बाजाराची भली मोठी पिशवी ठेवली. आत वर्षभराच्या गोळ्या. त्यांचा मुलगा इचलकरंजीत टेक्स्टाइल शिकला आणि गेली काही वर्षं थायलंडमध्ये, बँकॉकच्या उत्तरेला एका धाग्याच्या कारखान्यात आहे. नातवंडं तिकडच्याच शाळेत. आता आई-वडिलांनीही कायम राहायला यावं, असा त्याचा आग्रह.

"डॉक्टरसाहेब, ह्या सगळ्या गोळ्या माझ्याच आहेत असं एक सर्टिफिकेट द्या की. विमानतळावर अडवायला नकोत."

धाग्याच्या धंद्यातून थायलंडला जाणं आपल्याकडं नवं नाही. आदित्य बिर्लांनी १९६९ मध्ये तिथं इंडो-थाई सिंथेटिक्स ही सूतगिरणी काढली आणि तेव्हापासून भारतातले अभियंते, हिशेबनीस, फिटर तिकडं जात आले. पण ते गेले ते तरुणपणी. साठी उलटल्यावर, मधुमेह आणि रक्तदाब सोबत घेऊन एखाद्या देशात राहायला जाणं ही वेगळी गोष्ट आहे. व्हिसाचं मुलगा बघत होता. शरीराचं बघणारं कुणी नव्हतं.

पिशवी रिकामी केली. मधुमेहाची एक गोळी, जिच्यात तीन औषधं एकत्र. रक्तदाबाची, कोलेस्टेरॉलची. आणि तळाशी, पुतण्याच्या दुकानातून आणलेल्या अल्प्राझोलामच्या बारा पट्ट्या. "झोप लागत नाही ओ," गुरुजी म्हणाले.

थायलंडमध्ये जाताना स्वतःच्या वापरापुरती, साधारण तीस दिवसांची औषधं नेता येतात. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारखी झोपेची किंवा घबराटीची औषधं तिथं मनावर परिणाम करणाऱ्या औषधांच्या कायद्याखाली येतात. तीही तीस दिवसांपुरतीच, आणि सोबत डॉक्टरांचं प्रमाणपत्र हवं. मॉर्फिन, कोडीन यांच्यासाठी तर निघण्याआधीच तिथल्या अन्न व औषध प्रशासनाकडून परवाना घ्यावा लागतो. खोकल्याच्या काही बाटल्यांत कोडीन असतं, हे आपल्या लक्षातही नसतं. हे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून तिकीट काढायच्या आधी त्यांच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर एकदा बघून घ्यावं. मागाहून पार्सलनं पाठवू म्हणणाऱ्यांची औषधं कस्टममध्ये अडकून पडू शकतात.

अल्प्राझोलामचं म्हणाल, तर ते मला तसंही बंदच करायचं होतं. सहासष्टाव्या वर्षी रोज ती गोळी घेणारा माणूस रात्री बाथरूमला जाताना पडतो आणि खुब्याचं हाड मोडून घेतो. पण अशी गोळी एका दिवसात तोडता येत नाही, हळूहळू उतरवावी लागते. निघायला दीड महिना होता. तेवढा पुरला.

मग एका कागदावर सगळं लिहून काढलं. कंपनीची नावं नाहीत, औषधांची मूळ नावं. त्या तीन-एकत्र गोळीतलं प्रत्येक औषध वेगळं, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा. एका गोळीत तीन-तीन औषधं घालण्याची आपल्याकडं जी हौस आहे ती सगळीकडं नाही. तीच गोळी तिकडं मिळेलच असं नाही, पण तिच्यातली औषधं सुटी मिळतात. सोबत शेवटचा ईसीजी, क्रिएटिनिन, तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट. रक्तातली साखर तिथंही आपल्यासारखीच मिलिग्रॅममध्ये मोजतात, तो गोंधळ नाही. गोंधळ होतो तो सालाचा. थायलंडच्या सरकारी कागदावर बौद्ध संवत असतो, आपल्या सनात ५४३ मिळवून. गुरुजींचा जन्म १९५९ चा, तिकडं तो २५०२ होतो. दवाखान्याच्या पुढच्या तारखेच्या कार्डावरही तेच. गुरुजींनी लगेच वहीत मांडून बघितलं. प्राथमिक शिक्षकाला गणित दिलं की त्याची तब्येत निम्मी सुधारते.

"मुलाच्या घरामागं भाताची खाचरं आहेत," काकू मधेच म्हणाल्या. "हे म्हणतात, सकाळी अनवाणी फिरेन गवतावर. मधुमेहाला चांगलं असतंय म्हणून."

इथं मी पेन खाली ठेवलं.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा दुसऱ्या जिल्ह्यात होतो. पन्नाशीचा एक मधुमेही माणूस आला. महिनाभर ताप, वजन उतरलेलं, छातीच्या फोटोत उजव्या बाजूला वर डाग. थुंकीत टीबीचे जंतू सापडले नाहीत, तरी मी टीबीचीच औषधं सुरू केली. तेव्हा आम्ही तसंच करायचो, आणि दहातल्या नऊ वेळा ते बरोबर निघायचं. हा दहावा होता. पाच आठवड्यांनी त्याच्या प्लीहेत गळवं दिसली. बेळगावला पाठवला, तिथं रक्ताचं कल्चर झालं आणि निदान आलं मेलिऑयडोसिस. त्याच्या पोराला फोनवर विचारलं तेव्हा कळलं, की तो चार वर्षं ईशान्य थायलंडमध्ये बांधकामावर मुकादम होता. चिखलात पाय, पायाला भेगा, साखर तीनशे. हे सगळं तो मला पहिल्याच दिवशी सांगू शकला असता. मी विचारलंच नव्हतं. तो वाचला, पण निदान होईपर्यंतचे ते पाच आठवडे माझ्या नावावर आहेत.

हा आजार मातीतल्या आणि साचलेल्या पाण्यातल्या एका जंतूमुळं होतो. त्याचं नाव बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलाय. १९१२ मध्ये रंगूनमधून व्हिटमोर आणि कृष्णस्वामी या दोन डॉक्टरांनी तो पहिल्यांदा जगापुढं मांडला. ईशान्य थायलंडची भातशेती हे त्याचं हक्काचं घर, पण देशाच्या इतर भागांतही तो सापडतो. पावसाळ्यात रोगी वाढतात. जंतू पायाच्या जखमेतून शिरतो, कधी श्वासातून, कधी पाण्यातून. धडधाकट माणसाला तो सहसा काही करत नाही. रोग्यांपैकी निम्मे किंवा त्याहून जास्त मधुमेही असतात. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी मांडलेल्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे १ लाख ६५ हजार लोकांना हा आजार होतो आणि त्यातले ८९ हजार दगावतात.

बहुतेकांना लागण झाल्यापासून तीन आठवड्यांच्या आत ताप येतो. पण काहींत हा जंतू वर्षानुवर्षं गप्प बसतो. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियात जपान्यांच्या कैदेत असलेल्या एका सैनिकाला तब्बल ६२ वर्षांनी हा आजार झाल्याची नोंद आहे. म्हणून थायलंडला राहून आलेल्या माणसानं गावी परतल्यावरही, तापासाठी कुठल्याही दवाखान्यात गेलं की आपण कुठं राहत होतो हे आपणहून सांगावं. डॉक्टरनं विचारलं नाही तरी सांगावं.

याला आपल्या नेहमीच्या बऱ्याच अँटिबायोटिक्स लागू पडत नाहीत. जेंटामायसिन तर जवळपास कुचकामी. १९८९ मध्ये थायलंडच्या उबोन राचथानीमध्ये झालेल्या अभ्यासात सेफ्टाझिडिम या औषधानं गंभीर रोग्यांमधले मृत्यू निम्म्यावर आणले. आजही तेच किंवा मेरोपेनेम शिरेतून किमान दहा ते चौदा दिवस देतात, आणि नंतर को-ट्रायमॉक्झॅझोलच्या गोळ्या किमान तीन महिने. गोळ्या मधेच सोडल्या तर आजार उलटतो. आणि हे दुखणं फक्त परदेशचं आहे असंही समजू नये. आपल्या शेजारी, उडुपी-मणिपालच्या पट्ट्यात, दर पावसाळ्यात त्याचे रोगी सापडतात. भात आपणही लावतो, चिखलात अनवाणी आपणही उभे राहतो.

गुरुजींना सांगितलं, फिरा, खुशाल फिरा, पण बूट-मोजे घालून. पायाला खरचटलं तर साबणानं धुवा, ते झाकल्याशिवाय बाहेर पडू नका. खाचरात उतरायचं असेल तर गमबूट. पाणी उकळलेलं किंवा बाटलीतलं. आणि ताप आला की मेडिकलमधून अँटिबायोटिक घ्यायचं नाही. थायलंडच्या औषध दुकानात शिकलेला फार्मासिस्ट बसतो, बऱ्याच गोळ्या चिठ्ठीशिवाय देतो, आणि पुष्कळदा त्याचा सल्ला चांगलाही असतो. पण कल्चरच्या आधी पोटात गेलेलं अँटिबायोटिक निदान पुसून टाकतं. शिवाय डेंग्यू तिकडं बारमाही आहे. तापात अंगदुखी फार म्हणून आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिन घेतलं आणि डेंग्यू निघाला, तर रक्तस्राव वाढतो. निदान होईपर्यंत फक्त पॅरासिटामॉल.

दवाखाना कुठला, हा प्रश्न गुरुजींच्या डोक्यात नव्हता. "तिकडं तीस बाहतात औषधपाणी होतंय म्हणं," असं त्यांनी ऐकलं होतं. होतं, पण थाई नागरिकांचं. २००२ मध्ये त्या देशानं सगळ्या नागरिकांना आरोग्यसेवेत आणलं, आणि सरकारी डॉक्टर म्हणून मला त्याचा हेवा वाटतो. त्यांच्या गावोगावी आपल्या आशाताईंसारखे दहा लाखांच्या आसपास आरोग्य स्वयंसेवक आहेत, आणि ते आशा योजनेच्या कितीतरी आधीपासून. पण परदेशी माणूस त्या योजनेत बसत नाही. मुलगा परवान्यावर नोकरी करतो, त्याच्या पगारातून सामाजिक सुरक्षेचे पैसे कापले जातात आणि नेमून दिलेल्या दवाखान्यात त्याचे उपचार होतात. आई-वडिलांचे नाहीत. सरकारी दवाखान्यात परदेशी माणसाला घेतात, पण दर वेगळा आणि चढा. बँकॉकच्या मोठ्या खासगी दवाखान्यात भरती करायच्या आधी बहुधा पैशांची हमी मागतात.

म्हणून विमा. आणि विम्याच्या कागदावर मधुमेह, रक्तदाब खरे खरे लिहायचे. "लिहिलं की हप्ता वाढतोय," गुरुजी म्हणाले. वाढतो. कधी तो आजार वगळूनच विमा देतात. पण लपवलेला मधुमेह विमा कंपनीला पहिल्याच रक्ततपासणीत दिसतो, आणि मग साधं हाड मोडल्याचा दावाही वादात सापडतो. मुलाला सांगा, वगळलेल्या आजारांची यादी थाई किंवा इंग्रजीत असेल तर ती बसून मराठीत समजावून दे. आणि घरात सगळ्यांना दिसेल असा १६६९ हा आकडा लिहून ठेवा. तो तिकडचा रुग्णवाहिकेचा नंबर आहे.

"आणि भाकरीचं काय?" काकूंचा प्रश्न. खरं तर हाच प्रश्न पहिला यायला हवा होता. बँकॉकच्या पाहुरात भागात भारतीय दुकानं आहेत, पीठ तिथून महिन्याचं आणता येईल. पण रोज भात समोर येणार, आणि तो मऊ, चिकट, साखर पटकन चढवणारा. ताटात भात आहे त्याच्या निम्मा आणि भाजी-डाळ दुप्पट, एवढं सांभाळावं. दुसरं, मासळीचं सॉस. ते जवळपास प्रत्येक पदार्थात पडतं. त्याच्या एका मोठ्या चमच्यात एक ग्रॅमहून जास्त सोडियम असतं, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसभराला दोन ग्रॅमच्या आत राहा म्हणते. काकू शाकाहारी. त्यांना बाहेर खाताना 'जे' हा शब्द पाठ करायला सांगितला. पिवळ्या फलकावर लाल अक्षरात तो लिहिलेला असतो आणि त्या जेवणात मांस-मासे नसतात. गुरुजी सगळं खातात. त्यांना एवढंच, की गोड्या पाण्यातली कच्ची मासळी कुणी कितीही आग्रह केला तरी नको. तिकडच्या ईशान्य भागात ती खाण्यातून यकृतात कृमी जातात आणि पुढं पित्तनलिकेचा कर्करोग होतो.

उन्हाळ्यात धूर असतो, हे सांगितल्यावर गुरुजी हसले. थायलंडमध्ये उसाचा पाला आणि भाताचं काड जाळतात, फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये उत्तरेकडची हवा फार बिघडते. "म्हणजे आमच्या फडाला काडी लावल्यावर होतंय तसंच की." तसंच. दमा असलेल्यानं तेवढे दिवस सकाळचं फिरणं घरात करावं.

जाण्याआधी फ्लूची आणि न्यूमोनियाची लस दिली. जूनमध्ये दोघं गेले.

नोव्हेंबरमध्ये व्हॉट्सॲपवर गुरुजींचा फोटो आला. बूट-मोजे घालूनच फिरायला गेले होते, पण कुत्रं पिंडरीला चावलं. जखम पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणानं धुतली, हे आमच्या दवाखान्यातल्या भिंतीवर वाचलेलं त्यांच्या लक्षात होतं. रक्त आलं होतं, म्हणून जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही दिलं होतं. "दोन्ही दंडांत कातडीतच टोचलं ओ, अगदी तुमच्या सिस्टरनी टोचावं तसं," त्यांनी लिहिलं होतं. ते तसंच असणार. लस थोडीच, पण कातडीत, दोन जागी देण्याची ही पद्धत मुळात थाई रेडक्रॉसची, बँकॉकच्या क्वीन सावोभा संस्थेत तयार झालेली. भारतानं २००६ मध्ये कातडीतली लस मान्य केली आणि आज आपल्या सरकारी दवाखान्यांत तीच चालते. चावल्याच्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी.

सोबत कार्डाचा फोटो होता. थाई अक्षरं, चार तारखा, आणि प्रत्येकीपुढं २५६८. खाली गुरुजींनी पेननं वजाबाकी करून ठेवली होती, बरोबर. फक्त शेवटच्या तारखेला त्यांना मुलाबरोबर चार दिवस बाहेरगावी जायचं होतं. ते इंजेक्शन पुढं ढकललं तर चालेल का, असं विचारत होते.

मी लिहिलं, "नाही. जिथं जाल तिथल्या दवाखान्यात कार्ड दाखवून घ्या."

अठ्ठाविसाव्या दिवशी संध्याकाळी दंडाचा फोटो आला.