रात्रीचं पाणी आणि कॉर्टिसॉलचं घड्याळ

कार्तिकात गव्हाला, हरभऱ्याला पाणी सुरू झालं की धुळ्याकडच्या खेड्यांत रात्री-अपरात्री फोन वाजतात, ‘लाइट उनी का?’ शेतीच्या फीडरला थ्री फेज वीज पाळीने मिळते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की बॅटरी-काठी घेऊन विहिरीवर जायचं, मोटर सुरू करायची, दारं धरायचं. लाइन ट्रिप झाली तर स्टार्टरपाशी थंडीत बसून राहायचं. रावेर-यावलच्या केळीला ठिबक आहे, पण ठिबकलाही वीज लागतेच. २०१७ साली चाळीसगाव तालुक्यात नरभक्षक बिबट्याने बळी घेतले, तेव्हा याच रात्रींवर जिवाची भीती चढली.

अशा रात्री मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींमधून कॉर्टिसॉल सुटतं. ‘टेन्शनचं विष’ म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर त्याची बदनामी झाली आहे, ती अर्धीच खरी. कॉर्टिसॉल पहाटे चढतं, जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात शिगेला पोचतं आणि उतरत उतरत मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जातं. हा तळच माझ्या मते या विषयाचा गाभा आहे, आणि त्याच्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं.

तळाचं महत्त्व समजायला आधी मेंदूकडे वळावं लागतं. मेंदूच्या पेशी जगाव्यात, त्यांना फांद्या फुटाव्यात यासाठी लागणाऱ्या प्रथिनांना वाढघटक म्हणतात. त्यातला बीडीएनएफ १९८२ मध्ये इव्ह-अलँ बार्ड आणि सहकाऱ्यांनी डुकराच्या मेंदूतून वेगळा केला. १९९५ मध्ये अमेरिकेत स्मिथ आणि सहकाऱ्यांनी उंदरांना हालचाल करता येणार नाही असं जखडून ठेवलं. स्मरणशक्तीचं केंद्र असलेल्या हिप्पोकॅम्पसमध्ये बीडीएनएफ बनवण्याचा जनुकीय संदेश घटला. नुसतं कॉर्टिकोस्टेरॉन, म्हणजे उंदरांमधलं कॉर्टिसॉल, टोचलं तरी तो घटला. गंमत पुढे आहे: अधिवृक्क ग्रंथी काढून टाकलेल्या उंदरांतही ताणाने तो घटलाच. म्हणजे गुन्हेगार एकटं हार्मोन नाही. दुसरा एक धागा सापडला तो आज मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेत असलेल्या विदिता वैद्य यांना. येल विद्यापीठात रोनाल्ड डुमान यांच्याबरोबर काम करताना त्यांनी दाखवलं की सेरोटोनिन या मेंदूतल्या संदेशवाहक रसायनाचा एक विशिष्ट ग्राही, म्हणजे त्याला पकडणारं प्रथिन, औषधाने अडवला, तर ताणामुळे होणारी बीडीएनएफची घट बरीच रोखता येते.

मग हार्मोन करतं काय? ते स्निग्धात विरघळतं, त्यामुळे पेशीत सहज शिरतं, ग्राहीला चिकटतं आणि केंद्रकात जाऊन जनुकांची कामं वरखाली करतं. ग्राही दोन जातींचे. एक थोड्या कॉर्टिसॉलवरही भरून जातो. दुसरा पातळी चढल्यावरच कामाला लागतो, आणि पातळी उतरली की मोकळा होतो. न्यूयॉर्कमध्ये मोझेस चाओ यांच्या गटाने २००८ मध्ये तर असं दाखवलं, की हे हार्मोन बीडीएनएफच्या ग्राहीला जागं करून पेशी वाचवूही शकतं. २०१३ मध्ये लिस्टन, चाओ आणि सहकाऱ्यांनी उंदरांना नवी कसरत शिकवून त्यांचा जिवंत मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. हार्मोन शिगेला असताना पेशींवर नवे काटे, म्हणजे जोडण्यांच्या जागा, जास्त फुटले. पण ते टिकायला पुढचा तळ लागला. हार्मोन दीर्घकाळ चढंच ठेवलं तेव्हा नवे काटे गेले आणि आधी शिकलेलंही पुसलं जाऊ लागलं.

उंदरावरून शेतकऱ्यावर उडी मारताना सांभाळायला हवं. उंदीर निशाचर, त्याचं घड्याळ आपल्या उलट. तरी कॉर्टिसॉलच्या तळाच्या वेळी माणसाला विहिरीवर उभं करणारं वेळापत्रक हा आरोग्याचाही प्रश्न आहे, असं मला ठामपणे वाटतं. कापसाचा भाव, पीककर्ज, मे-जूनच्या वादळात आडवी झालेली केळी यांवर सहसा बोललं जातं. फीडरची पाळी मात्र महावितरणचा विषय म्हणून बाजूला पडते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा. उद्देश शेतीला दिवसा वीज. तिची चर्चा मेगावॉटमध्ये आणि युनिटच्या दरात होते, झोपेच्या तासांत नाही.

ज्यांचा ताण नैराश्यापर्यंत पोचला आहे, त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट: डुमान यांच्याच प्रयोगशाळेने १९९५ मध्ये उंदरांत पाहिलं, की नैराश्यावरची औषधं काही आठवडे दिली की हिप्पोकॅम्पसमधला बीडीएनएफचा संदेश वाढतो, एका डोसाने नाही. माणसांतही या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे जातात. आठ दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून गोळी सोडणाऱ्या शेतकऱ्याला डॉक्टरांनी हे समजावून सांगावं, आणि पुढची तारीख देताना या आठवड्यात त्याचं पाणी दिवसाचं आहे की रात्रीचं, हेही विचारून केसपेपरवर लिहावं.