मुंबई हाय : उताराला लागलेले तेलक्षेत्र आणि उरलेले तेल

मंडळी, लोणावळ्यात बसून समुद्रातल्या तेलावर बोलायचे, तेही तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने! पण नाते आहे. मुंबई हायचे तेल जिथे किनाऱ्याला लागते ते उरण आपल्याच मावळ लोकसभा मतदारसंघात येते. आपल्या घाटातला काळा पाषाण समुद्राखालीही पसरला आहे. तेल मात्र मुख्यतः त्याच्या नंतरच्या चुनखडीत आहे.

१९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या जहाजाने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर तेल शोधले. १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. मार्च १९८५ मध्ये रोज सुमारे ४ लाख ७६ हजार पिंपे तेल निघत होते. एप्रिल २०२४ मध्ये हा आकडा १ लाख ३४ हजारांवर आला.

म्हणजे तेल संपले का? तर नाही. तेल टाकीत भरल्यासारखे नसते, ते दगडाच्या बारीक छिद्रांत असते. सुरुवातीला आतल्या दाबाने वर येते. दाब कमी झाला की पाणी सोडून ते ढकलावे लागते. आता आपल्याकडचा शेतकरी जाणतो, खाचराच्या बांधाला एकदा भोक पडले की सारे पाणी तिथूनच पळते. खडकातही तेच होते. पाणी सोप्या वाटेने विहिरीत येते, बाजूचे तेल जागेवरच राहते. जगभरात साधारणपणे तीनातला एकच भाग बाहेर येतो.

उरलेल्यासाठी उपाय आहेत. जुन्या विहिरीतून नवी आडवी शाखा काढायची, दोन विहिरींमध्ये तिसरी खणायची, कमी क्षारांचे पाणी सोडायचे. २०२५ मध्ये ओएनजीसीने बीपी कंपनीला तांत्रिक साहाय्यासाठी दहा वर्षांकरिता नेमले. तेल ४४ टक्क्यांपर्यंत वाढू शकेल, असा अंदाज सांगितला गेला. इथे आम्ही एक प्रश्न विचारतो : वाढ कशाच्या तुलनेत? ती आधी ठरवलेल्या पायाभूत उत्पादनाच्या तुलनेत आहे. १९८५ चे दिवस परत येतील, असा तिचा अर्थ नव्हे.

‘काढता येण्याजोगे तेल’ हा शब्दच पाहा ना. तेवढे तेल खडकात वेगळे ठेवलेले नसते. भाव, तंत्र आणि आपली तयारी बदलली की आकडा बदलतो. तो अर्धा भूगर्भाचा, अर्धा आपल्या निर्णयाचा.

त्या निर्णयात माणसेही येतात. २७ जुलै २००५ रोजी, ऐन पावसाळ्यात, एक जहाज मुंबई हाय नॉर्थच्या फलाटाच्या वायुवाहिनीवर आदळले. आग लागली, फलाट नष्ट झाला, २२ माणसे गेली. जुन्या क्षेत्रातून आणखी तेल काढायचे म्हणजे खाऱ्या हवेत गंजणाऱ्या लोखंडावर माणसांना आणखी काही वर्षे उभे करायचे.

तेल काढू नये, असे आमचे म्हणणे नाही. देश आजही बहुतांश कच्चे तेल बाहेरून आणतो. पण किती टक्के वाढले हे विचारताना, त्या फलाटांच्या देखभालीवर किती खर्च झाला, हेही त्याच दमात विचारू या.