पोथीतल्या चुका आणि पोटातला रोग

मार्गशीर्षातील दत्तजयंतीला तापीकाठचे सारंगखेडा हे गाव घोड्यांनी गजबजून जाते. एकमुखी दत्ताच्या या यात्रेत घोडा घेणारा जाणकार आधी दात पाहतो, भोवरे पाहतो, चाल पाहतो आणि मग विचारतो, "याचे मायबाप कोणते?" जनावर घेताना वंश विचारणारे आपण स्वतःच्या घराण्यातील दुखण्यांविषयी मात्र किती गप्प असतो! आजोबा 'पोटाच्या विकाराने' गेले, एवढेच नातवंडांना ठाऊक. विकार कोणता, ते कोणी सांगत नाही. मुलींची लग्ने व्हायची असतात ना! मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या बाबतीत हे मौन कधी कधी जिवावर बेतते.

जोड्यांचा हिशेब

घोड्याच्या पेशीत ६४ गुणसूत्रे असतात, गाढवाच्या ६२. त्यांचे अपत्य खेचर. त्याच्या वाट्याला येतात ६३. खेचर काटक खरे, पण जोड्या जुळत नसल्याने त्याचा वंश सहसा पुढे चालत नाही. माणसाची गुणसूत्रे ४६, हे १९५६ साली पक्के झाले. खेचराचा आकडा विषम असला तरी त्याच्या सर्व पेशींत तो सारखा असतो. कर्करोगाच्या गाठीत पुष्कळदा तेही उरत नाही. एका पेशीत एखादे गुणसूत्र जादा, शेजारणीत तेच गहाळ, तिसरीत एकाचा तुकडा दुसऱ्याला चिकटलेला! गुणसूत्रांचा हा गोंधळच रोगाचे मूळ असावा, असा तर्क थिओडोर बोव्हेरी या जर्मन शास्त्रज्ञाने १९१४ साली मांडला होता.

पानांची चूक, अक्षरांची चूक

आम्हा भाषेच्या शिक्षकांना हे पोथीच्या उदाहरणाने चटकन समजते. ज्ञानेश्वरीच्या नकला होता होता अपपाठ शिरले, म्हणून एकनाथांनी शके १५०६ मध्ये ती शुद्ध केली. आतड्याचे अस्तर तर दर काही दिवसांनी नवे होते. म्हणजे नकलांचे काम तेथे अखंड चालू!

या कामात दोन तऱ्हांनी घात होतो. पहिल्या तऱ्हेत पोथीची पानेच गळतात किंवा दुबार बांधली जातात. आतड्याच्या शंभर कर्करोगांपैकी सुमारे ८५ या जातीचे असतात. पाचव्या गुणसूत्रावरील 'एपीसी' हे जनुक बिघडणे, ही त्यांतील बहुतेकांची पहिली पायरी. ते १९९१ साली सापडले. मग अस्तरावर लहानसा कोंब येतो आणि त्याची गाठ व्हायला बहुधा कित्येक वर्षे लागतात.

दुसऱ्या तऱ्हेत पाने जागच्या जागी असतात. पण चुका तपासणारा शास्त्रीबुवाच रजेवर गेलेला असतो! एकच अक्षर ओळीने अनेकदा आले की नकलकार मोजणी चुकतो आणि ती चूक तशीच राहते. असे कर्करोग शंभरांत सुमारे १५. त्यांतील बरेचसे उतारवयात आपसूक होतात. काहींत मात्र तपासनीसाचा दोष आईकडून किंवा वडिलांकडून आलेला असतो.

शिवणकाम करणारी बाई

अमेरिकेतील मिशिगनमध्ये १८९५ साली एका शिवणकाम करणाऱ्या बाईने डॉक्टर वॉर्थिन यांना सांगितले, की माझ्या घरचे बहुतेक पोटाच्या नाही तर गर्भाशयाच्या कर्करोगाने गेले, मीही तशीच जाणार. तिचे भाकीत खरे ठरले. वॉर्थिन यांनी तिच्या घराण्याची हकीकत १९१३ साली छापली. पुढे हेन्री लिंच यांनी अशा घराण्यांचा पाठपुरावा केला आणि १९९३ पासून सदोष जनुके हाती लागू लागली. ज्या बाईने आपल्या घरची दुखणी उघड सांगितली, तिच्यापासून या ज्ञानाचा धागा सुरू होतो!

आपल्याकडेही पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे (१९१७–२००१) यांनी मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात पेशी वाढविण्याची प्रयोगशाळा उभारली आणि स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकतेशी असलेला संबंध अभ्यासला.

मग आपण काय करावे?

प्रथम धीर धरावा. आतड्याचे बहुतेक कर्करोग आनुवंशिक नसतात. परंतु एकाच रक्ताच्या तिघांना, दोन पिढ्यांत, आणि त्यांतील एकाला तरी पन्नाशीच्या आत हा रोग झाला असेल, तर डॉक्टरांना ते अवश्य सांगावे. दोष आईवडिलांपैकी एकात असेल, तर तो प्रत्येक मुलात उतरण्याचा संभव निम्मा असतो. मुलगा असो वा मुलगी. तो कोणात आहे हे रक्ताच्या तपासणीने कळू शकते. ज्याच्यात आहे त्याने दुर्बिणीने आतडे वेळोवेळी तपासून घेतले, तर कोंब गाठ होण्याआधीच काढता येतात. गाठ झालीच, तरी तिची जात कळणे मोलाचे. कारण दुसऱ्या जातीच्या गाठींवर शरीराची प्रतिकारशक्ती जागविणारी औषधे चांगली लागू पडतात. शौचातून रक्त गेले की 'मूळव्याध असेल' म्हणून घरगुती औषधावर बसणे तर कोणीच करू नये.

दिवाळीच्या फराळाला सारी भावंडे जमतात. त्या निमित्ताने एक वही काढावी. कोणाला कोणते दुखणे झाले, कितव्या वर्षी झाले, एवढेच त्यात लिहावे. जुन्या आत्याबाई, मावश्या यांना विचारावे. त्यांना पुष्कळ आठवत असते. दागिन्यांची यादी आपण जपून ठेवतोच. नातवंडांना ही वही त्याहून अधिक उपयोगी पडेल.