गाडी उभी, इंजिन मात्र धावतेय!

कणकवलीत महामार्गाच्या कडेला एखादी जुनी फियाट उभी असते. गिअर काढलेला, चालकाचा पाय ॲक्सिलरेटरवर नाही, तरी इंजिन घोंघावतच राहते. चालक म्हणतो, ‘‘स्लो होतच नाही!’’ पाय न लावता इंजिन जास्त वेगाने फिरते, ते का बरे? विद्यार्थी मित्रांनो, या प्रश्नाचे उत्तर तुमच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकातल्या हवेच्या दाबात आहे.

पेट्रोलचे इंजिन म्हणजे मुळात हवा ओढणारा पंप. प्रीमियर पद्मिनीचे इंजिन 1089 घन सेंटिमीटरचे. दर दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा भरतो. मिनिटाला 800 फेऱ्या धरल्या तर 400 वेळा 1.089 लिटर, म्हणजे सुमारे 435 लिटर हवा आत जायला हवी. पण जाते जेमतेम दीडशे लिटर. कारण कार्ब्युरेटरच्या तळाशी थ्रॉटल नावाची चकती वाट जवळजवळ बंद करून बसलेली असते. त्यामुळे चकतीपलीकडच्या नळीत, म्हणजे मॅनिफोल्डमध्ये, दाब पडतो. बाहेर पाऱ्याचा स्तंभ 76 सेंमी. असेल, तर आत तो 25-30 सेंमी. भरतो. इंजिन एक प्रकारे गुदमरलेले असते, म्हणूनच ते हळू फिरते. ते जोरात फिरू लागले, तर कोठून तरी त्याला जादा हवा मिळते आहे! (डिझेल जीपला हे लागू नाही. जुन्या डिझेल इंजिनात हवा मोकळीच असते; वेग इंधनाच्या मापावर ठरतो.)

आता ही हवा येते कोठून? पुष्कळजण थेट आयडलिंगचा स्क्रू पिळतात. वेग उतरतो खरा, पण ताप उतरावा म्हणून थर्मामीटर बर्फात बुडवण्यासारखेच ते. स्क्रूला हात लावायचा तो सर्वांत शेवटी.

प्रथम पाहायचे, इंजिन तापले आहे का? थंड इंजिनाला सुरुवातीला चोक लागतो, आणि अनेक गाड्यांत चोक ओढला की थ्रॉटलही किंचित उघडतो. इंजिन तापल्यावर चोक पूर्ण आत गेला नाही, तर वेग चढाच राहणार.

मग केबल. ॲक्सिलरेटरची तार एका आवरणातून सरकते. आपल्या कोकणातल्या पावसाळ्यात त्या आवरणात पाणी शिरते, पोलाद गंजते, घर्षण वाढते आणि परतीच्या स्प्रिंगची ताकद अपुरी पडते. मेकॅनिक कार्ब्युरेटरवरची कांडी बोटाने बंद होण्याच्या दिशेला दाबून पाहतो. वेग खाली आला की चोर सापडला. केबल सोडवूनही वेग तसाच राहिला, तर केबल निर्दोष! एका वेळी एकच गोष्ट बदलायची. प्रयोगशाळेत तुम्ही हेच करता ना?

खरी गंमत आहे ती गळतीत. येथे काहीच बाहेर सांडत नाही. उलट बाहेरची हवा आत शिरते. मॅनिफोल्डचे गॅस्केट वाळते, रबरी नळीला चीर पडते, थ्रॉटलचा दांडा झिजून भोकात सैल होतो. तेथून शिरलेली हवा पेट्रोलचे माप घेणाऱ्या वाटेने येतच नाही. थोडी शिरली तर वेग चढतो. जास्त शिरली तर मिश्रण विरळ होऊन इंजिन अडखळते, बंदही पडते. तेव्हा वेग चढा पण लय बिघडलेली, अशी खूण दिसली की गळतीचा संशय घ्यावा.

ती शोधायची कशी? रबरी नळीचा तुकडा कानाला लावून दुसरे टोक सांध्यांजवळून फिरवले, तर गळतीपाशी ‘सूं’ असा आवाज येतो. जणू डॉक्टरांचा स्टेथोस्कोपच. किंवा संशयित सांध्यावर थोडे पाणी शिंपडायचे. चीर क्षणभर बुजते आणि इंजिनाचा आवाज बदलतो. रबरी नळ्या एकेक करून चिमटून पाहिल्या तरी चालते. काही लोक पाण्याऐवजी पेट्रोल वापरतात. हा निव्वळ आगीशी खेळ आहे! तुम्ही हे पाहायला गेलात तर मोठ्यांबरोबर जा, पंख्याच्या पट्ट्यापासून दूर राहा, आणि गाडी उघड्यावरच असू द्या. बंद शेडमध्ये धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न देता घात करतो.

एवढी उठाठेव कशाला, पेट्रोल थोडे जास्त जळेल इतकेच ना? नाही. कणकवलीहून कोल्हापूरकडे जाणारा रस्ता फोंडाघाट चढतो, आणि परतताना तोच उतरायचा असतो. उतारावर खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला आवरून धरते. जादा हवा मिळणारे इंजिन कमी आवरते. मग सारा भार ब्रेकवर येतो आणि ते तापतात. शिवाय ज्या गाड्यांत ब्रेकला मॅनिफोल्डच्या कमी दाबाची मदत मिळते, तेथे गळकी नळी त्या मदतीचीच असू शकते. इंजिन चढे आणि ब्रेकचे पेडलही एकाएकी कडक लागू लागले, तर मेकॅनिकने प्रथम तीच नळी चिमटून पाहावी, आणि ती बदलल्याखेरीज गाडी घाटात नेऊ नये.