रेडिएटरमधला बुडबुडा

दक्षिण सोलापूर तालुक्यातले होटगी बाहेरच्यांना ठाऊक असते ते रेल्वे जंक्शन म्हणून. सोलापूरहून दक्षिणेला निघालेला लोहमार्ग इथे दुभंगतो. एक फाटा वाडीमार्गे गुंतकलकडे जातो, दुसरा विजयपूरमार्गे गदगकडे. पण गावाच्या आसपास वाहतूक बघावी ती रस्त्यावरची. होटगीत सिमेंट दळण्याचा कारखाना आहे, जवळच फताटेवाडी-आहेरवाडीच्या शिवारात एनटीपीसीचे १३२० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र आहे आणि सोलापूर-होटगी रस्त्यावर कुमठ्याला सिद्धेश्वर साखर कारखाना. सिमेंट, राख आणि ऊस, तिन्ही ट्रकने हलणारा माल. त्यात मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर. ट्रकच्या पाण्याची, म्हणजे इंजिन थंड राखणाऱ्या यंत्रणेची, याहून कडक परीक्षा शोधायला लांब जायला नको.

बल्करचेच, म्हणजे सिमेंट-राख वाहणाऱ्या टाकीच्या ट्रकचेच, बघा. सिमेंट किंवा राख उतरवायची तर टाकीत हवा दाबून भरावी लागते. हवा भरणारा कॉम्प्रेसर बहुतेक गाड्यांत ट्रकच्याच इंजिनावर चालतो (काहींवर त्यासाठी वेगळे इंजिन असते). गाडी जागची हलत नाही, इंजिन मात्र ठराविक रेसवर बराच वेळ राबते. रस्त्यावर धावताना रेडिएटरला समोरून वारा मिळतो, तो इथे नाही. सगळी मदार पंख्यावर. डिझेलमधल्या ऊर्जेपैकी जेमतेम ३५ ते ४० टक्के कामी येते. उरलेल्यातला मोठा भाग धुरावाटे जातो आणि साधारण तितकाच पाण्यातून बाहेर काढावा लागतो. तो निघाला नाही की यंत्रणा आवाज करू लागते. हे आवाज नुसते तक्रारीचे नसतात. ऐकता आले तर बिघाड कुठे आहे तेही सांगतात.

बंद नळ्यांतून वाहणारे पाणी तसे मुके असते. त्याला कंठ फुटतो तो बुडबुड्यामुळे. म्हणून बुडबुडा वाफेचा आहे, हवेचा आहे की इंजिनातल्या जळालेल्या वायूचा, एवढे ठरले की निम्मे निदान झाले. उरलेले निम्मे, आवाज कधी येतो यावर.

आधी वाफेचा बुडबुडा. चुलीवर आधण ठेवले की उकळी फुटण्याच्या जरा आधी भांडे सूं सूं करते, आणि खरी उकळी आली की तो आवाज खाली बसतो. बुडाशी तयार झालेली वाफ वरच्या, त्या मानाने थंड पाण्यात शिरते, बुडबुडा तिथेच मिटतो आणि मिटताना पाणी आपटते. अठराव्या शतकात स्कॉटलंडचे रसायनशास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक यांनी याचा उलगडा केला होता. पुढे ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी किटलीच्या या आवाजाबद्दल लिहिले, आणि ते वाचूनच आपल्याला या प्रश्नाचा विचार सुचला असे लॉर्ड रॅले यांनी १९१७ सालच्या निबंधात नमूद केले. मिटणाऱ्या पोकळीभोवतीच्या पाण्यात दाब किती चढतो, याचे गणित त्या निबंधात आहे. उत्तर थक्क करणारे आले: पोकळी अगदी लहान होताना दाब वातावरणाच्या शेकडो पटींवर जातो. चार्ल्स पार्सन्स यांच्या 'टर्बिनिया' या वाफेच्या टर्बाइनवर चालणाऱ्या जहाजाला याच प्रकाराने आधी छळले होते. पंखा इतका जोरात फिरे की पात्यांमागे पोकळ्या पडत आणि जहाज पुरेसा वेग घेईना. पंख्यांची रचना बदलल्यावरच १८९७ साली स्पिटहेडच्या आरमारी संचलनात ते सगळ्यांच्या पुढे पळाले.

किटलीतला आणि जहाजाच्या पंख्यावरचा बुडबुडा ट्रकच्या इंजिनातही असतो. एरवी तो दाबून ठेवलेला असतो. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंच, त्यामुळे उघड्या भांड्यात पाणी इथे साडेअठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपासच उकळते. रेडिएटरचे झाकण पाण्यावर सुमारे एक वातावरणाइतका जादा दाब ठेवत असेल, तर उकळबिंदू १२० अंशांच्या जवळ जातो. झाकणाची स्प्रिंग सैल पडली किंवा रबर फाटले की ही सवलत संपते आणि धडधाकट इंजिनही चढावर उकळू लागते. बंद केल्यावर आतून गुडगुड ऐकू येते, ओव्हरफ्लोच्या नळीतून पाणी फेकले जाते. इंजिन बंद झाले की पंपही थांबतो आणि तापलेल्या हेडभोवतीचे पाणी जागच्या जागी उकळते, म्हणून ही गुडगुड बंद केल्यावरच जास्त येते. अशा वेळी झाकणाला हात लावायचा नाही. दाब सुटताक्षणी ११० अंशांचे पाणी एकदम वाफ होऊन अंगावर येते.

पण झाकण ठीक आहे, पाणी पुरेसे आहे, काटाही लाल रेषेच्या खाली आहे, आणि तरी इंजिनातून आधणासारखा बारीक सणसणाट येत असेल, तर संशय पाण्यावरच घ्यावा. दख्खनच्या काळ्या पाषाणातले बोअरचे पाणी क्षारांचे. घरातल्या हीटरच्या कॉइलला पांढरा थर चढतो, तोच इंजिनाच्या वॉटर जॅकेटमध्ये चढतो. हा थर ओतीव लोखंडापेक्षा कित्येक पटींनी उष्णता अडवतो. त्यामुळे पाण्याचे सरासरी तापमान बेताचे असले तरी थराखालचा धातू जागोजागी भाजून निघतो आणि तेवढ्याच ठिकाणी पाणी उकळते. काटा सरासरी सांगतो, कान ती जागा सांगतो. ढाब्यावरच्या नळाचे पाणी वर्षानुवर्षे ओतत राहणे ही स्वस्त सवय नव्हे. रेडिएटरवाल्याकडे टाक्या काढून नळ्यांत सळ्या घालून साफ करून घेता येते, इंजिनाच्या जॅकेटमध्ये मात्र सळई जात नाही.

याच बुडबुड्याचे सर्वांत कपटी रूप कानाला कळतच नाही. बऱ्याच जड ट्रकच्या इंजिनांत लायनर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळकांडी) ओले असतात, म्हणजे पाणी थेट त्यांच्या बाहेरच्या अंगाला लागते. पिस्टन दिशा बदलताना लायनरवर आदळतो, लायनर थरथरतो, आणि तो आत झुकला की पाण्याला तितक्या चपळाईने त्याच्यामागे जाता येत नाही. फटीत पोकळी पडते, लगेच मिटते, आणि रॅले यांच्या गणितातला तो दाब लोखंडाचा कण उचकटतो. लायनर बाहेर काढला की एका बाजूला उभ्या ओळीत बारीक खड्डे दिसतात, सुईने टोचल्यासारखे. एखादा खड्डा आरपार गेला की पाणी ऑइलमध्ये उतरते. योग्य कूलंटमधली रसायने लायनरवर पातळ थर धरतात, मार तो थर खातो आणि पुन्हा धरला जातो. कूलंट म्हणजे फक्त बर्फाळ प्रदेशासाठी, हा समज म्हणून चुकीचा. सोलापुरात बर्फ पडत नाही, लायनरला खड्डे मात्र पडतात.

आता परक्या बुडबुड्याकडे. गाडी सकाळी थंड असताना सुरू केली आणि मिनिटाभरात रेडिएटरच्या तोंडाशी एकसारखे बुडबुडे येऊ लागले, वरचा होज पाइप हाताला कडक लागू लागला, तर ती वाफ नव्हे. इतक्यात पाणी तापलेलेच नसते. कुठून तरी वायू घुसतो आहे. पहिला संशय हेड गॅस्केटवर जातो, आणि बहुतेक वेळा तो रास्तही असतो. पण ट्रकमध्ये दुसरा एक संशयित आहे, जो मोटारीत नसतो. एअर ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसर. त्याचे हेड अनेक गाड्यांत इंजिनाच्याच पाण्याने थंड केलेले असते. त्याची गॅस्केट गेली किंवा हेडला तडा गेला की दाबाची हवा सरळ पाण्यात शिरते. लक्षणे हुबेहूब तीच: गुडगुड, कडक होज, फेकलेले पाणी. इंजिनाचे हेड उतरवले जाते, नवी गॅस्केट बसते, मजुरी जाते आणि बुडबुडे तसेच राहतात.

फरक ओळखायला कान पुरतो. टाक्यांतली हवा पूर्ण भरली की फुस्स असा आवाज होतो आणि कॉम्प्रेसर बिनभाराने फिरू लागतो. त्या फुस्सनंतर रेडिएटरमधले बुडबुडे थांबले किंवा खूप कमी झाले, ब्रेक चार-सहा वेळा दाबून हवा उतरवल्यावर पुन्हा सुरू झाले, तर दोष कॉम्प्रेसरचा. फुस्सची पर्वा न करता ते रेसबरोबर वाढतच गेले, तर इंजिनाचे हेड बघावे. खर्चातला फरक मोठा आहे, आणि तपासणीला एक पानाही लागत नाही.

साधी हवा अडकली तर तिचा आवाज वेगळा असतो. डॅशबोर्डमागे झरा वाहिल्यासारखी खळखळ, रेस दिली की जोरात. केबिन हीटरचा छोटा रेडिएटर अनेकदा यंत्रणेत उंचावर असतो, हवा नेमकी तिथे जाऊन बसते. आपल्याकडे हीटरची गरज कितीशी, म्हणून ही खळखळ महिनोन्महिने दुर्लक्षित राहते. पाणी बदलल्यावर एअर नीट काढली नसेल तर ती एकदाच येते आणि एअर काढली की जाते. परत परत आली तर पाणी कुठेतरी गळते आहे.

यंत्रणेच्या कोरड्या बाजूचे आवाज पटकन उरकता येतात. फॅन बेल्ट किंचाळत असेल तर फासळ्यांच्या बाजूवर पाण्याचा फवारा मारून बघतात. चिवचिव तेवढ्यापुरती थांबली तर पुली सरळ रेषेत नाही, आवाज वाढला तर बेल्ट सैल आहे. वॉटर पंपाचे बेअरिंग घरघरते, आणि पंपाच्या अंगावरच्या छोट्या भोकातून ओघळ आला असेल तर सील गेले असे समजावे. लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक पंपाला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली तर गोंगाटातूनही नेमके बेअरिंग वेगळे ऐकू येते. हे करताना सैल बाह्या आणि गळ्यातले उपरणे पंख्यापासून दूर हवे. व्हिस्कस पंखा सकाळी पहिले मिनिटभर गरजला तर काळजी नको, आतले सिलिकॉन तेल जागेवर येत असते. दिवसभर गरजत राहिला तर तो जाम आहे आणि डिझेल खातो आहे, कारण पंख्याचा वेग दुप्पट झाला की त्याला लागणारी शक्ती आठपट होते. भर उन्हात तो एकदाही गरजला नाही, तर ते त्याहून वाईट.

या सगळ्यात आता नव्या आवाजांची भर पडली आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या एन-२ आणि एन-३ प्रकारच्या, म्हणजे साडेतीन टनांवरच्या, मालवाहू गाड्यांना केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला आहे. सोलापूरच्या उन्हात चालवणाऱ्यांसाठी हा निर्णय फार आधी यायला हवा होता. एसीचा क्लच ठराविक वेळाने टक करतो, आणि एसी बंद केल्यावर डॅशबोर्डमागे मिनिटभर सूंऽऽ असा फुत्कार येतो. दोन्ही बिघाड नव्हेत. फुत्काराच्या वेळी आतला दाब दोन्ही बाजूंना सारखा होत असतो. क्लच सारखाच टकटकत राहिला तर गॅस कमी आहे का ते बघावे. खरी मेख एसीच्या कंडेन्सरची आहे. तो सहसा रेडिएटरच्या पुढ्यात बसतो, आणि दोघांमधल्या फटीत उसाचे पाचट, सिमेंटची भुकटी आणि रस्त्याची धूळ जाऊन बसते. समोरून बघितले तर जाळी स्वच्छ दिसते. म्हणून हवेचा झोत इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला मारावा लागतो, आणि कचरा फारच दाटला असेल तर कंडेन्सर सैल करून पुढे घेतल्याशिवाय तो निघत नाही.